ठोका कोण देतो?

कोपनहेगनच्या एका सोनाराचा मुलगा नील्स स्टेन्सन हॉलंडमधल्या लायडेनला शिकायला आला, तेव्हा त्याने पंचविशीही गाठली नव्हती. १६६० च्या दशकाची ती सुरुवात. हृदय उकडून मऊ करायचं, वरचं आवरण सोलायचं आणि एकेक तंतू सोडवत तो कुठून निघतो, कुठे जातो ते पाहायचं, हा त्याचा उद्योग होता. तंतू वरून निघत, खाली टोकाशी वळसा घेत आणि पुन्हा वर येत. हातापायांचे स्नायूही त्याने असेच सोडवून पाहिले होते. तंतूंत त्याला काही फरक दिसेना. १६६४ मध्ये त्याने छापूनच टाकलं, की हृदय हा स्नायू आहे. स्नायूत जे असतं ते सगळं त्यात आहे आणि जे नसतं त्यातलं काहीही त्यात नाही.

आज शाळकरी मुलालाही ठाऊक असलेली ही गोष्ट तेव्हा धाडसाची होती. दुसऱ्या शतकातल्या गॅलेनचा शब्द युरोपच्या वैद्यकात दीड हजार वर्षं प्रमाण मानला जात होता आणि गॅलेनने हृदयाला स्नायूंच्या पंगतीत बसवायला साफ नकार दिला होता. हृदय म्हणजे शरीरातल्या उष्णतेचं उगमस्थान, प्राणाचं ठिकाण. विल्यम हार्वेने १६२८ मध्ये रक्ताभिसरणावरचं आपलं पुस्तक छापलं आणि हृदय आकुंचन पावून रक्त ढकलतं हे दाखवलं, तरी हृदयाभोवतीचं वलय पुरतं गेलं नव्हतं. ते स्टेन्सनने काढून टाकलं.

पण गॅलेनचा आक्षेप अडाणीपणाचा नव्हता, हे इथे सांगायला हवं. हाताचा स्नायू आपल्या मर्जीने हलतो आणि मर्जीने थांबतो. हृदय कुणाचंच ऐकत नाही. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सत्तर या हिशेबाने ते दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतं, झोपेतही. शिवाय प्राण्याच्या छातीतून काढलेलं हृदयसुद्धा काही काळ धडधडत राहतं, हे गॅलेनने स्वतः पाहिलं होतं. हृदय स्नायूच असेल, तर त्याला हुकूम कोण देतं? स्टेन्सनकडे याचं उत्तर नव्हतं. पुढे तो शार्कचे दात आणि टस्कनीच्या डोंगरातले खडकांचे थर यांत रमला, भूशास्त्राचा पाया घालून गेला आणि अखेर कॅथलिक बिशप झाला. त्याने मागे ठेवलेला प्रश्न सुटायला आणखी सुमारे अडीचशे वर्षं लागली.

सूक्ष्मदर्शकाने हा पेच सोडवण्याऐवजी वाढवला. डेल्फ्टचा कापडव्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहूक याने १६८२ मध्ये लंडनच्या रॉबर्ट हूकला कळवलं, की स्नायूच्या तंतूवर आडव्या बारीक रेघा दिसतात. १८४० मध्ये विल्यम बोमन या तरुण इंग्रज शल्यवैद्याने त्या रेघांचं इतकं नेमकं वर्णन केलं, की पुढे बराच काळ त्यात भर घालण्यासारखं फार थोडं उरलं. हळूहळू विभागणी ठरली. हाडांना जोडलेले, मर्जीने चालणारे स्नायू रेघांचे, म्हणजे पट्टकी. जठर, आतडी, रक्तवाहिन्या यांच्या भिंतींतले, मर्जीबाहेरचे स्नायू बिनरेघांचे, अपट्टकी. हृदय मात्र या विभागणीत बसेना. काम बघावं तर आतड्यासारखं मर्जीबाहेरचं, आणि काचेखाली पाहावं तर दंडाच्या स्नायूसारख्या स्वच्छ आडव्या रेघा. फरक एवढाच, की त्याचे तंतू सरळ समांतर न धावता फांद्या फुटून एकमेकांना मिळतात.

पोटाछातीच्या आत रेघांचा स्नायू फक्त हृदयातच असतो असंही नाही. माणसाच्या अन्ननलिकेचा वरचा भाग पट्टकी, खालचा अपट्टकी आणि मधल्या भागात दोन्हींची सरमिसळ असते. घास गिळायला सुरुवात आपण करतो, पण एकदा तो घशापलीकडे गेला की आपल्या हातात काही उरत नाही. गायीम्हशींची अन्ननलिका तर वरपासून खालपर्यंत पट्टकीच असते आणि रवंथासाठी चारा झपाट्याने तोंडात परत आणायला तीच उपयोगी पडते. श्वासपटलही पट्टकी. पण या सगळ्यांना मज्जातंतूंची गरज असते. श्वासपटलाकडे जाणारे दोन्ही मज्जातंतू कापले तर ते ढिलं पडतं, तिथेच थांबतं. हृदयाचे मज्जातंतू कापले तरी ते थांबत नाही. रेघा सारख्या असूनही हुकूम देणारा वेगळा, हे एकोणिसाव्या शतकातल्या संशोधकांना दिसत होतं, पण तो हुकूम देणारा सापडत नव्हता.

यावर दोन तट पडले. ग्योटिंगेनच्या आल्ब्रेख्त फॉन हालरने अठराव्या शतकातच म्हटलं होतं, की चेतवल्यावर आकुंचन पावणं हा स्नायूचा अंगचा गुण आहे, त्यासाठी मज्जेचं देणं लागत नाही. आणि हृदयात तो गुण सर्वांत जास्त आहे. पण १८४० च्या दशकात पारडं उलटलं. रॉबर्ट रेमाकला बेडकाच्या हृदयातच मज्जापेशींचा एक पुंजका सापडला. पाठोपाठ इतरांना आणखी पुंजके सापडले. कापून काढलेलं हृदय का धडधडतं याचं सोपं उत्तर मिळालं : त्याच्या पोटातच त्याचा छोटा मेंदू आहे! १८४५ मध्ये वेबर बंधूंनी दाखवलं, की मेंदूपासून निघणारा व्हेगस मज्जातंतू विजेने चेतवला तर हृदय थांबतं. मज्जातंतू थांबवू शकतो, तर चालवतही तोच असणार, असं वाटणं स्वाभाविक होतं.

१८५२ मध्ये रोस्टॉकच्या हेर्मान स्टानियसने बेडकाच्या हृदयावर दोऱ्याच्या गाठी मारल्या. हृदयात रक्त आणणाऱ्या शिरांजवळचा पहिला कप्पा आणि अलिंदं, म्हणजे वरचे कप्पे, यांच्यामध्ये गाठ आवळली, तर तो कप्पा धडधडत राही, बाकीचं हृदय गप्प. मग अलिंदं आणि निलय, म्हणजे खालचा कप्पा, यांच्यामध्ये दुसरी गाठ मारली, की निलय पुन्हा सुरू होई, पण संथ. मज्जावाद्यांनी याचा अर्थ आपल्या बाजूने लावला : पहिल्या गाठीने मुख्य पुंजका तोडला, दुसरीने खालचा पुंजका जागा केला. ज्यांना उत्तर आधीच ठाऊक असतं, त्यांना प्रत्येक प्रयोग साक्षीदार वाटतो. मात्र स्टानियसचे दोरे जिथे आवळले गेले, तिथे पुंजक्यांबरोबर स्नायूही आवळला जात होता, याकडे फार थोड्यांचं लक्ष गेलं.

त्याच सुमारास एक महत्त्वाचा धागा सापडून पुन्हा हरवला. यान एवांगेलिस्टा पुर्किन्ये हा बोहेमियाचा शास्त्रज्ञ ब्रेस्लाउला प्राध्यापक होता. शरीरक्रियाशास्त्राची संस्था पदरात पडेपर्यंत अनेक वर्षं त्याचे प्रयोग राहत्या घरी चालत. मेंढीच्या हृदयाच्या आतल्या भिंतीवर त्याला करड्या, चपट्या, बुळबुळीत धाग्यांचं जाळं दिसलं. प्रथम त्याला ती कूर्चा वाटली. पण काचेखाली पेशींच्या कडेकडेने पुसट आडव्या रेघा होत्या, आणि रेघा म्हणजे स्नायू. हे वर्णन १८३९ मध्ये पोलिश भाषेत क्राकुव्हच्या वार्षिकात छापून आलं आणि १८४५ मध्ये जर्मनमध्ये. या धाग्यांचं काम काय, हे त्याला कळलं नाही. पाठ्यपुस्तकांत ‘पुर्किन्येचे तंतू’ असं नाव राहिलं आणि पुढची साठेक वर्षं ते तंतू म्हणजे एक चमत्कारिक नोंद, एवढंच समजलं गेलं.

स्नायूच्या बाजूने पहिला ठोस पुरावा उट्रेख्टच्या थेओडोर एंगेलमानने दिला. हा माणूस चेलो उत्तम वाजवायचा. संगीतकार ब्राम्सने आपलं तिसरं स्ट्रिंग क्वार्टेट त्याला अर्पण केलं आहे. १८७५ मध्ये एंगेलमानने बेडकाच्या निलयात नागमोडी काप दिले. कुठलाही मज्जातंतू सलग राहणार नाही, पण मांसाचा निरुंद पूल शिल्लक राहील, असे. तरी आकुंचनाची लाट वळणं घेत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचली.

खरं काम मात्र केंब्रिजच्या वॉल्टर गॅस्केलचं. मूळचा गणिताचा विद्यार्थी, मायकेल फॉस्टरच्या सहवासात शरीरक्रियाशास्त्राकडे वळलेला. फॉस्टरने स्वतः तरुणपणी गोगलगायीच्या हृदयाचा तुकडा एकटा ठोके देताना पाहिला होता आणि ती गोष्ट तो विसरला नव्हता. गॅस्केलने प्राणी निवडला कासव. ठोका संथ, त्यामुळे लाट डोळ्यांनी दिसते. आणि हृदयाच्या वरच्या भागातून खाली जाणारा मुख्य मज्जातंतू इतका मोकळा, की तो नेमका कापून दूर करता येतो. त्याने तो कापला. अलिंदामागून निलय पूर्वीसारखाच ठोके देत राहिला. मग उलट केलं : मज्जातंतू जसाच्या तसा ठेवला आणि मधला स्नायू कापला. आता निलयाला वरून काहीच पोचेना.

मग त्याने अलिंदं आणि निलय यांच्यामध्ये स्क्रूने आवळता येणारा चिमटा बसवला. थोडं आवळलं, की वरच्या प्रत्येक ठोक्यामागे खालचा ठोका उशिरा येई. आणखी आवळलं, की दोन ठोक्यांमागे एक. आणखी आवळलं, की वाट पूर्ण बंद. वरचे कप्पे आपल्या गतीने चालत, खालचा आपल्या. पुंजका मारला जातो किंवा जगतो. असं पायरीपायरीने तो वागत नाही. अडथळा वाटेत होता आणि ती वाट मांसाची होती. हृदयाच्या टोकाकडचा, मज्जापेशी नसलेला मांसाचा पट्टाही त्याने कापून टांगला. आधी तो निपचित पडून असे. काही वेळाने स्वतःहून तालात आकुंचन पावू लागे. १८८२ आणि १८८३ मध्ये हे सगळं प्रसिद्ध झालं. डब्लिनच्या रॉबर्ट अॅडम्स आणि विल्यम स्टोक्स या डॉक्टरांनी पूर्वी असे रुग्ण नोंदवले होते, ज्यांची नाडी फारच मंद चाले आणि जे अचानक बेशुद्ध पडत. त्यांच्या हृदयात काय बिघडत असेल, याचं उत्तर कासवाच्या हृदयावर बसवलेल्या चिमट्यात होतं. ते ओळखायला वैद्यकाला आणखी वीस-पंचवीस वर्षं लागली.

याच वर्षांत लंडनला सिडनी रिंगर बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यावर तासन्‌तास चालतं ठेवत होता. पुढे शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात तेच मीठ घातलं, तर हृदय लवकरच मंदावून थांबलं. शोध घेता कळलं, की आधीचं द्रावण नळाच्या पाण्यात बनवलेलं होतं, न्यू रिव्हर कंपनीच्या पाण्यात, आणि त्या पाण्यात चुना होता. चुन्यातलं कॅल्शियम नसेल तर स्नायू आकुंचन पावूच शकत नाही. सलाइनच्या बाटल्यांवर आजही रिंगरचं नाव छापलेलं असतं, ते या नळाच्या पाण्यामुळे.

बाझेलमध्ये जन्मलेल्या विल्हेल्म हिसने मग गर्भाकडे पाहिलं. अंड्यातल्या पिलाचं हृदय सर्वांत आधी हलताना दिसतं, हे अॅरिस्टॉटललाही ठाऊक होतं. हिसने विचारलं, की त्या वेळी तिथे मज्जातंतू पोचलेले असतात का? नव्हते. हृदय धडधडू लागतं आणि मज्जापेशी नंतर त्यात उतरतात. १८९३ मध्ये त्याने आणखी एक गोष्ट नोंदवली : सस्तन प्राण्याच्या हृदयात अलिंदं आणि निलयं यांच्यामध्ये तंतुमय ऊतींची पक्की भिंत असते, आणि ती भेदून स्नायूची एकच बारीक जुडी खाली जाते. गॅस्केलच्या कासवातली वाट माणसात कुठे आहे, त्याचा हा पत्ता होता.

वाद तरीही मिटला नाही. १९०४ मध्ये अॅन्टन कार्लसनने अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या नालखेकड्याचं, म्हणजे लिम्युलसचं, हृदय उघडलं. त्याच्या पाठीवर मज्जापेशींची लांब दोरी असते. ती अलगद काढून टाकली, की हृदय तिथेच थांबतं. या प्राण्यात हुकूम खरोखरच मज्जेचा होता. मज्जावादी हरखले. कार्लसन चुकला नव्हता. त्याचा निष्कर्ष पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांना लागू पडत नव्हता, एवढंच. पण हे सिद्ध करायला कासवापलीकडे जाऊन माणसाच्या हृदयात वरपासून खालपर्यंत सलग स्नायूची वाट दाखवणं भाग होतं.

ते केलं सुनाओ तावाराने. जपानच्या क्युशू बेटावर १८७३ मध्ये जन्म, नात्यातल्या डॉक्टरांच्या घरी दत्तक, टोकियोहून वैद्यकाची पदवी. १९०३ मध्ये तो जर्मनीतल्या मारबुर्गला लुडविग आशॉफच्या प्रयोगशाळेत दाखल झाला. आशॉफने त्याला दिलेला विषय वेगळाच होता : थकून बंद पडलेल्या, वाढलेल्या हृदयांत सूज सापडते का, ते शोधायचं. शंभराहून अधिक हृदयं तपासूनही अपेक्षित सूज दिसेना. मग तावारा हिसच्या जुडीकडे वळला आणि त्याने ठरवलं, की ती जिथे सुरू होते तिथपासून जिथे संपते तिथपर्यंत एकही पायरी न गाळता जायचं. त्या प्रदेशाचे केसाएवढे पातळ काप क्रमाने घ्यायचे, रंगवायचे, एकामागून एक काचेखाली पाहायचे आणि कागदावर जोडत जायचे. मेंढी, वासरू, कुत्रा, मांजर, माणूस. यात झटकन चमकणारी कल्पना कुठे नव्हती. होती ती चिकाटी, आणि काप चुकवायचा नाही ही शिस्त.

त्यातून जे उभं राहिलं, त्याची तुलना तावाराने स्वतः झाडाशी केली. उजव्या अलिंदाच्या तळाशी बारीक तंतूंची गुंतागुंतीची गाठ हे मूळ. तिथून भिंत भेदून जाणारी हिसची जुडी हे खोड. मग डावी आणि उजवी अशा दोन फांद्या. आणि दोन्ही निलयांच्या आतल्या अंगाला पसरलेले डहाळे. हे डहाळे म्हणजे मेंढीच्या हृदयात पुर्किन्येला दिसलेले, प्रथम कूर्चा वाटलेले तेच करडे धागे. सदुसष्ट वर्षं अर्थाविना पडून असलेल्या त्या नोंदीला जागा मिळाली. हा सगळा विस्तार मज्जेचा नव्हता. पुसट रेघांच्या, फिकट पण निखालस स्नायूचा होता. त्याचं काम आकुंचनाचं नव्हतं, निरोप पोचवण्याचं होतं. आज मोजमापं आहेत : वरच्या गाठीतून निरोप सेकंदाला साधारण पाच सेंटिमीटर इतक्या सावकाश सरकतो, म्हणून अलिंदं रिकामी व्हायला अवधी मिळतो, पुर्किन्येच्या तंतूंतून तोच सेकंदाला दोन ते चार मीटर धावतो, म्हणून निलयाचा कोपरान्‌कोपरा जवळपास एकाच वेळी आवळतो.

१९०६ मध्ये येना शहरातून त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी तावारा जपानला परतला. फुकुओकाला तो विकृतिशास्त्राचा प्राध्यापक झाला, १९१४ मध्ये त्याला जपानच्या इम्पीरियल अकादमीचं पारितोषिक मिळालं. पुर्किन्येचं नाव तंतूंना राहिलं, हिसचं जुडीला. तावाराने दोन्हींचा अर्थ लावला, आणि त्याने शोधलेली गाठ मात्र बहुतेक पुस्तकांत नुसती ‘एव्ही नोड’ म्हणून येते. जगभरच्या हृदयविभागांत तिचं नाव रोज घेतलं जातं. तिथे तावाराचंही नाव यायला हवं होतं.

झाडाचं मूळ मिळालं, पण पहिला ठोका कुठून? इंग्लंडात बर्नलीचे डॉक्टर जेम्स मॅकेन्झी नाडीच्या विकारांचे आलेख जमवत होते आणि मृत रुग्णांची हृदयं लंडनचे शरीररचनाशास्त्रज्ञ आर्थर कीथ यांच्याकडे पाठवत होते. तावाराचं काम वाचून कीथनी शोध नव्या उमेदीने सुरू केला. १९०६ च्या उन्हाळ्यात ते केंटमधल्या ब्रेडगर गावी राहत होते. घरातल्याच एका खोलीत सूक्ष्मदर्शक मांडलेला, मदतीला मार्टिन फ्लॅक हा वैद्यकीचा विद्यार्थी. एका संध्याकाळी कीथ पत्नीसह सायकलवरून फिरून परतले, तर फ्लॅक उत्तेजित होऊन वाट पाहत होता. मोल नावाच्या, जमिनीखाली बिळं करून राहणाऱ्या छोट्या प्राण्याच्या हृदयाच्या कापांत, वरची महाशीर उजव्या अलिंदाला मिळते तिथे, त्याला एक आगळी रचना दिसली होती. तावाराच्या गाठीसारखीच बारीक, फिकट तंतूंची. त्यांनी दुसऱ्या सस्तन प्राण्यांची हृदयं पाहिली. सगळीकडे ती होती. माणसात ती जेमतेम दीड सेंटिमीटर लांब. १९०७ मध्ये निबंध आला. १९१० मध्ये टॉमस लुईस यांनी आइंथोव्हेन यांनी घडवलेल्या विद्युतमापकाने कुत्र्याच्या हृदयाचा बिंदू न् बिंदू तपासून दाखवलं, की प्रत्येक ठोक्याची वीज सर्वांत आधी तिथेच उमटते.

एक कोडं उरलं होतं. हृदयाचे फांद्याफांद्यांचे तंतू म्हणजे पेशींच्या भिंती नसलेलं सलग मांस, की वेगवेगळ्या पेशी? त्यांत मधूनमधून दिसणाऱ्या ठळक आडव्या चकत्यांवर अनेक दशकं वाद चालला. १९५४ मध्ये श्योस्ट्रांड आणि अँडरसन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवलं, की चकती म्हणजे दोन पेशींच्या समोरासमोर चिकटलेल्या भिंती. पुढे त्या भिंतींत वीज जाऊ देणारी सूक्ष्म दारंही सापडली. एंगेलमानच्या नागमोडी पुलावरून लाट गेली ती याच दारांतून. आणि १९७९ मध्ये ऑक्सफर्डला हिलरी ब्राउन, दारियो डिफ्रान्चेस्को आणि सुझन नोबल यांनी, गाठीतली पेशी शांत होताच तिला पुन्हा ठोक्याकडे नेणारा विद्युतप्रवाह वर्णन केला.

तोवर माणसाच्या छातीतच या वादाचा निकाल वाचता येऊ लागला होता. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाऊनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाचं हृदय दुसऱ्या माणसात बसवलं. दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातली पहिली हृदयारोपण शस्त्रक्रिया केली. रुग्ण काही तासच जगला. शिवाय शरीर परकं हृदय नाकारतं, यावर पुरेशी औषधं जगातच कुठे नव्हती. पण मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयाने त्या काळात हे पाऊल उचललं, हे महाराष्ट्राने विसरू नये.

रोपण करताना हृदयाचे सगळे मज्जातंतू तुटतात आणि नवं हृदय तरीही चालतं. जुन्या पद्धतीत रुग्णाच्या स्वतःच्या अलिंदांचा मागचा भाग, त्याच्या मूळ गाठीसह, जागेवरच ठेवून त्याला नवं हृदय शिवत. अशा रुग्णाच्या ईसीजीत अलिंदाच्या लहान लाटा दोन प्रकारच्या दिसतात. एक लाट जुन्या गाठीची. तिला मेंदूकडून येणारे मज्जातंतू शाबूत असतात, पण टाक्यांच्या रेषेपलीकडे तिचा निरोप जात नाही. दुसरी नव्या गाठीची. तिला एकही मज्जातंतू नाही, आणि निलयं तिच्यामागून चालतात. व्हेगसचा लगाम नसल्याने तिची गती विश्रांतीतही मिनिटाला नव्वदच्या पुढे असते. असा माणूस जिना चढू लागला, तर गती लगेच वाढत नाही. रक्तातून अॅड्रेनॅलिन पोचेपर्यंत काही मिनिटं जातात. म्हणून डॉक्टर त्याला सांगतात, की व्यायाम एकदम सुरू करू नका, आधी थोडा वेळ सावकाश चाला, आणि संपवतानाही एकदम थांबू नका.